बाळाचा बेल्ट विमानाला की आईला?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार. मी फोंड्याला राहतो, एकतीस वर्षं बस चालवली, जास्त करून फोंडा-पणजी लाईन, आता रिटायर आहे. पत्रबित्र लिहायची सवय नाही, भाचीने मोबाईलवर मराठी टाईप करायला शिकवलंय, चुका असतील त्या सुधारून घ्या. विषय विमानाचा आहे. बस ड्रायव्हरला विमानातलं काय कळतंय असं कोणी म्हणेल तर म्हणू दे, पण कचकन ब्रेक लागला की मांडीवरच्या पोराचं काय होतं हे मी आरशात इतक्या वेळा बघितलंय की त्यावर बोलायला मला कोणाचं सर्टिफिकेट नको.

झालं असं की आमची मुलगी चवथीला दिल्लीहून आली होती, चौदा महिन्यांचं पोर घेऊन. जावयाला सुट्टी नाही, म्हणून परत जाताना मी सोबत गेलो, मोपाहून. चवथीनंतरची फ्लाईट म्हणजे पाय ठेवायला जागा नाही, सगळे परत निघालेले, प्रत्येकाच्या पिशवीत नेवऱ्यांचा डबा. आमच्याकडे एक सामान जास्त होतं, पोराची कार सीट, म्हणजे गाडीत पोराला बांधून बसवायची छोटी खुर्ची. जावयाने चांगली साडेसात हजारांची घेतलेली, गाडीत त्याशिवाय पोराला बसवायचं नाही असा त्याचा नियम, आणि तो बरोबरच आहे, २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या सुधारणेनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा अशी सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. (आपल्या गोव्यात तो दंड कोणी भरलेला मी तरी बघितला नाही. इथे दोन वर्षांचं पोर अॅक्टिवावर पुढे उभं, बापाच्या दोन हातांच्या मध्ये, आरशाला धरून, आणि मागे आई. तो विषय वेगळा, त्यावर लिहायला बसलो तर तुमचं पान पुरणार नाही.)

तर मुलीचं म्हणणं होतं की पोरासाठी वेगळी सीट घेऊ, त्यावर ही कार सीट बांधू आणि निवांत जाऊ. पैसे द्यायला तयार होती. तिकीट काढताना वेबसाईटवर जन्मतारीख टाकली की दोन वर्षांखालचं मूल आपोआप इन्फन्ट होतं, म्हणजे मांडीवर, आणि त्याचे वेगळे पैसे लागतात ते लागतातच, पण सीट द्या म्हणून सांगायला कुठे बटणच नाही. तिने कस्टमर केअरला तीनदा फोन केला. पहिला म्हणाला चालेल, दुसरी म्हणाली चालत नाही, तिसरा म्हणाला एअरपोर्टवर काउंटरला विचारा. काउंटरवर विचारलं तर त्या मुलीने कार सीटकडे असं बघितलं की जणू आम्ही मिक्सर-ग्राइंडर घेऊन आत निघालोय, आणि टॅग लावून दिली कार्गोत टाकून. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला कोणाशी भांडायचं नाही, आणि दुसऱ्या कंपनीत वेगळं काही झालं असतं असंही मला वाटत नाही.

आत गेल्यावर पहिला गोंधळ. आमच्याच रांगेत आमच्या तीन सीटांत अजून एक बाई तान्हं घेऊन बसलेली. एअर होस्टेसने लगेच एकीला उठवलं, दुसऱ्या रांगेत बसा म्हणाली. त्या बाईचा नवरा तापला, का म्हणून उठायचं, आम्ही सीटचे पैसे भरलेत. तर कारण असं की तीन सीटांच्या डोक्यावर ऑक्सिजनचे मास्क चारच असतात, म्हणजे एका बाजूला एकच जास्तीचं बाळ बसू शकतं. हे मला पहिल्यांदाच कळलं आणि पटलं. बघा, मास्कचा हिशोब इतका काटेकोर, बाळाच्या श्वासाची सोय मोजून केलेली. मग बाळाच्या बसण्याची?

तर त्याची सोय म्हणजे एक छोटा बेल्ट. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हातभर पट्टा, बकलसकट, आणि त्याला मागे एक कापडी कडी शिवलेली. आईने आपला बेल्ट त्या कडीतून ओवून घ्यायचा, आपल्या कमरेला लावायचा, मग तो छोटा पट्टा मांडीवरच्या बाळाच्या पोटाभोवती. झालं. माझी नजर ड्रायव्हरची, मी आधी कुठली वस्तू कशाला बांधलीय ते बघतो. मुलीचा बेल्ट सीटला, सीट विमानाला. पोराचा बेल्ट कशाला? मुलीच्या बेल्टला. म्हणजे पोर विमानाला बांधलेलंच नाही, आईला बांधलंय.

आता मला माझी एक गोष्ट सांगू दे. बाणस्तारीचा पूल उतरून पुढे येत होतो, पावसाळ्याचे दिवस, समोर गुरं बसलेली, आपल्याकडे पावसात गुरं डांबरावर येऊन बसतात ते तुम्हाला माहीत आहेच, रस्ता सुका आणि गरम असतो म्हणून. स्पीड चाळीसच्या आतच. ब्रेक मारला. इंजिनाच्या बॉनेटवर एक बाई बसलेली, मांडीवर वर्षाचं पोर, दोन्ही हातांनी गच्च धरलेलं. धरलेलं हां, बोलत नव्हती, फोन नव्हता, झोपली नव्हती, पोराकडेच लक्ष होतं. तरी ते पोर तिच्या हातातून साबण सुटावा तसं सुटलं आणि माझ्या गियरच्या दांड्यावर आलं. नशीब की गियरचा गोळा मऊ होता आणि माझा डावा हात तिथेच होता. कपाळाला खोक पडली, टाके घातले, वाचलं. ती बाई मला शिव्या देत नव्हती, स्वतःच्या हातांकडे बघत होती. ते मी अजून विसरलो नाही.

चाळीसच्या स्पीडवरून दोनेक मीटरमध्ये थांबलं की दहा किलोचं पोर तीस किलोच्या आसपास ओढ देतं, हा हिशोब जावयाने कागदावर करून दाखवला, तो इंजिनिअर आहे. विमान तर टेकऑफला अडीचशेच्या स्पीडने धावत असतं. आणि विमानाच्या नवीन सीटा किती जोर सहन करायला बनवलेल्या असतात ठाऊक आहे? १६ जी. म्हणजे वजनाच्या सोळा पट. अमेरिकेने १९८८ साली तसा नियम केला, सीट समोरच्या दिशेने १६ जीचा धक्का खाऊन सुद्धा जागेवरून उखडता कामा नये आणि आत बसलेला माणूस वाचला पाहिजे. आता दहा किलोला सोळाने गुणा. एकशे साठ किलो. सीट टिकली, बेल्ट टिकला, मोठा माणूस टिकला, आणि पोर आईच्या दोन हातांच्या भरवशावर, म्हणजे सिमेंटच्या तीन गोण्या एकदम हातात झेलायच्या, वर दहा किलो.

कोणी म्हणेल तेच सांगतो मी, तो छोटा बेल्ट आहे ना मग. तर इथेच सगळी मेख आहे. युरोपमध्ये तो बेल्ट सक्तीचा आहे, बाळ मांडीवर असेल तर त्याला तो लावायलाच पाहिजे, नाहीतर वेगळ्या सीटवर वेगळ्या साधनात बसवा. अमेरिकेत तोच बेल्ट विमान जमिनीवर धावताना, उडताना आणि उतरताना लावायला मनाई. दोघेही शहाणे, दोघांकडे विमानं बनतात, आणि उत्तरं उलटी. मला आधी हसू आलं, मग नीट वाचल्यावर दोघांचं म्हणणं कळलं. युरोपवाले म्हणतात पोर निदान हवेत उडून दुसऱ्यावर आपटणार नाही, एअर पॉकेटमध्ये छताला लागणार नाही. अमेरिकावाले म्हणतात की धक्का बसला की मोठा माणूस कमरेतून पुढे दुमडतो, कात्रीसारखा, आणि ते पोर बरोबर त्या कात्रीत असतं, मागून आईचं सगळं वजन आणि पोटावर तो पट्टा, आणि एवढ्याशा पोराच्या पोटात धरायला हाडं नसतात, कमरेची हाडंच अजून धड तयार नसतात. दोघांचंही बरोबर आहे. म्हणजे अर्थ एकच निघतो, मांडी ही बसायची जागा नाही, मग पट्टा लावा की नका लावू. आपल्याकडे आपण युरोपचा रस्ता धरलाय, बेल्ट देतो आणि विषय संपला असं समजतो.

विमानं काय रोज पडतात का, असं माझा शेजारी म्हणाला. नाही पडत. बसपेक्षा विमान कितीतरी सेफ, हे मी बसवाला असून कबूल करतो. पण पडल्याशिवाय पण धक्के बसतात. आपल्याच दाबोळीला २०१६ च्या डिसेंबरात, २७ तारखेला पहाटे, मुंबईला निघालेलं विमान टेकऑफला धावता धावता रनवे सोडून बाजूला गेलं, १६१ माणसं आत, सगळी वाचली, काहींना लागलं ते बाहेर पडताना. कोझिकोडला ७ ऑगस्ट २०२० ला दुबईहून आलेलं विमान पावसात रनवे संपून खाली दरीत गेलं, २१ जण गेले, बाकीचे वाचले. त्या विमानात १७४ प्रवासी आणि वर १० तान्ही मुलं होती. हे 'वर' बघा. तान्हं मूल हे प्रवाशांच्या आकड्यात नसतं, आकड्याच्या शेजारी असतं.

आणि हवेतल्या हवेत सुद्धा होतं. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणारं विमान म्यानमारवर टर्ब्युलन्समध्ये सापडलं, एक प्रवासी गेला, कितीतरी जखमी. चौकशीत आलेला आकडा असा की एका सेकंदाच्या आतच विमानातल्या वस्तूंचं वजन अधिक १.३५ जी वरून उणे १.५ जी वर गेलं. उणे म्हणजे उलटं, छताकडे. बेल्ट नसलेली माणसं वर गेली आणि नंतर खाली आपटली. अशा वेळी ज्या हातात पोर आहे त्या हाताला 'धर' म्हणून सांगायला सुद्धा वेळ नसतो.

१९८९ सालची एक गोष्ट जावयाने पाठवली ती वाचून मला रात्री झोप लागली नाही. अमेरिकेत सू सिटीला युनायटेडचं मोठं विमान, फ्लाईट २३२, शेपटीतलं इंजिन फुटून कंट्रोल गेलेलं, पायलट लोकांनी कमाल केली, कसंबसं रनवेपर्यंत आणलं, तिथे तुटलं. २९६ पैकी शंभरावर गेले पण जास्त वाचले. त्यात मांडीवरची चार बाळं होती. त्यावेळच्या पद्धतीप्रमाणे एअर होस्टेसने आयांना सांगितलं की बाळांना तुमच्या पायाशी फरशीवर ठेवा, ब्लँकेटं उशा लावा आणि धरून ठेवा. चारातलं एक गेलं. त्या क्रूची हेड जॅन ब्राऊन, तिनेच तसं सांगितलं होतं, पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच, आणि वाचल्यावर बाहेर तिला त्या बाळाची आई भेटली. जॅन ब्राऊनने पुढे कित्येक वर्षं सरकारमागे लागून हेच मागितलं, बाळाला सीट द्या. तिथल्या अपघात तपासणाऱ्या बोर्डाने पण हेच सांगितलं. विमान खात्याने २००५ साली शेवटी सांगितलं की सक्ती करणार नाही.

आणि खरं सांगतो, त्यांचं कारण वाचून मी जरा थांबलो, कारण ते माझ्या धंद्याचं कारण होतं. त्यांचं म्हणणं, बाळाचं पूर्ण तिकीट सक्तीचं केलं तर विमान परवडणार नाही, लोक गाडीने जातील, आणि रस्त्यावर त्यापेक्षा जास्त मुलं मरतील. आता हे तुम्ही आपल्याकडे लावून बघा. फोंड्याच्या माणसाला पुण्या-मुंबईला पोर घेऊन जायचंय, तिकीट वाढलं, मग तो काय करणार, रात्रीची स्लीपर धरणार नाहीतर स्वतःची गाडी काढून मुंबई-गोवा हायवेवर. तो हायवे किती वर्षं चाललाय आणि त्यावर काय काय झालंय ते तुमच्याच पेपरात रोज येतं. म्हणून मी सक्ती करा असं म्हणत नाही. ज्याला परवडत नाही त्याने मांडीवर घेऊन जावं, त्याला दोष नाही. पण ज्याला द्यायचंय त्याला तरी घेऊ द्या की! पैसे हातात घेऊन उभं असलेल्या गिऱ्हाईकाला दुकानदार परत पाठवतो हे मी पहिल्यांदा बघितलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये डीजीसीएने, म्हणजे आपल्याकडच्या विमान खात्याने, सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-बापापैकी एकाच्या शेजारी सीट द्यायलाच पाहिजे, आणि कंपन्यांना ते ऐकावं लागलं. मग हे पण सांगता येईल, की दोन वर्षांखालच्या मुलाला सीट मागितली तर ती तिकीट काढतानाच मिळाली पाहिजे, कुठली कार सीट चालेल ते वेबसाईटवर मराठी-हिंदीत फोटोसकट असलं पाहिजे, आणि काउंटरवरच्या मुलीला ते माहीत असलं पाहिजे.

कारण कुठलीही कार सीट चालत नाही हे पण खरं, तिथे कंपनीवाल्यांची बाजू मी समजतो. आपल्याकडे बऱ्याच सीटा गाडीतल्या तीन पॉईंटच्या बेल्टने नाहीतर गाडीच्या सीटमध्येच असलेल्या हुकांनी (त्याला आयसोफिक्स म्हणतात) बसतात. विमानात खांद्यावरचा पट्टा पण नाही आणि हूक पण नाहीत, फक्त कमरेचा बेल्ट. त्यात घट्ट बसेल तीच सीट कामाची, आणि तिच्यावर विमानात चालेल असं लेबल असतं ते शोधून घ्यायचं. रुंदी चाळीस सेंटीमीटरच्या वर गेली तर विमानाच्या सीटच्या दोन हातांच्या मध्ये अडकते. खिडकीशीच लावायची, म्हणजे घाईच्या वेळी दुसऱ्याची वाट अडणार नाही, आणि इमर्जन्सी दाराच्या रांगेत नाही. नुसतं उंच करायचं बूस्टर असतं ते चालत नाही. याशिवाय केअर्स नावाचा एक पट्टा मिळतो, अर्ध्या किलोच्या आसपास, पिशवीत मावतो, अमेरिकेने २००६ साली पास केला. सीटच्या पाठीला मागून फिरवून घ्यायचा, मागच्याच्या ट्रेच्या आतून, आणि पुढे पोराच्या दोन्ही खांद्यांवरून आणून कमरेच्या बेल्टला. दहा ते वीस किलोच्या पोराला, साधारण मीटरभर उंचीपर्यंत. दोन वर्षं झालेल्या पोरांना पण तो कामाचा आहे, कारण त्यांना सीट मिळते खरी पण मोठ्यांच्या बेल्टमध्ये ती खालून घसरतात, पाय लांब करून लोळायला लागली की बेल्ट कमरेवरून पोटावर येतो.

आमच्या फ्लाईटचं सांगायचं राहिलं. दिल्ली यायच्या आधी अर्धा तास बेल्टची लाईट लागली, पोर नुकतंच झोपलेलं, मुलगी पण पेंगलेली. तिने पोटावर पट्टा टोचतोय म्हणून पोराचा तो छोटा बेल्ट सैल केला होता, आई आहे, करणारच, लाल वळ उठलेला मी पण बघितला. एकदम असं झालं की जणू स्पीडब्रेकर दिसलाच नाही. एकच धक्का. पोर पुढे गेलं आणि कपाळ समोरच्या ट्रेच्या खटक्यावर. टेंगूळ आलं सुपारीएवढं. सगळं विमान ऐकेल एवढं रडलं, होस्टेसने बर्फ आणून दिला, चांगली मुलगी होती बिचारी, तिची काही चूक नाही. मी शेजारीच बसलेलो, एकतीस वर्षं गाडी चालवलेला, माझे हात त्याच्याकडे पोचले ते सगळं झाल्यावर. कार सीट तेव्हा आमच्या पायाखाली सामानात होती, जागेवर घट्ट बांधलेली.

ज्यांना मांडीवरच न्यायचंय त्यांना एवढंच सांगतो, आधी आपला बेल्ट कमरेवर खाली आणि घट्ट, मग बाळाचा. दोघांना मिळून एकच बेल्ट कधीच लावू नका, काही बाया लावतात, तुमच्या वजनाने पोर चेपलं जाईल. टेकऑफ-लँडिंगला पोर छातीशी बांधायच्या झोळीत ठेवू नका. बेल्टची लाईट विझली तरी बेल्ट काढू नका, आणि त्यावेळी पोर हातात असताना गरम चहा घेऊ नका, दोन तास चहा नाही मिळाला तर कोणी मरत नाही. पोराला खेळवायला बाप मधल्या वाटेत फिरवतात ते पण मी बघितलं, ते नको, ट्रॉली तिथूनच येते, आणि पाय बाहेर ठेवून झोपलेल्या पोरांचे पाय ट्रॉलीखाली येतात.

मुलीने कंपनीला ईमेल केला. लगेच उत्तर आलं, तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, हा तुमचा नंबर. त्यानंतर एकोणीस दिवस झाले. तिचं पोर आता बरं आहे, टेंगूळ बसलं. शिमग्याला ती परत येणार आहे, तेव्हा तो वीस महिन्यांचा असेल, म्हणजे अजून इन्फन्टच, अजून मांडीवरच. जावयाने ते केअर्स शोधायला घेतलंय आणि आम्ही त्या पोराच्या पूर्ण सीटचे पैसे भरायला तयार आहोत, आजपण. ते भरायचे कुठे एवढं कंपनीने नाहीतर डीजीसीएने तुमच्या पेपरातून कळवलं तर बरं होईल, कारण बुकिंग जानेवारीत करायचंय.

आपला,
एक रिटायर बस ड्रायव्हर, फोंडा